मिठासारखं खरं

शालू,

तुझ्याबद्दल सगळीकडे एक खोटी गोष्ट पसरली आहे आणि ती मीच पसरवली आहे. "शेवटपर्यंत झुंजली हो. डॉक्टर थकले, पण ती थकली नाही." तेराव्याला जेवायला बसलेली माणसं हेच बोलत होती. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात तुझा फोटो ठेवून सगळे दोन मिनिटं उभे राहिले, त्यानंतरही तेच. मग प्रशांत उठला. माईक दोन्ही हातांनी धरला त्याने. म्हणाला, "उपचार सोडायचे नाहीत, हे आईने स्वतः ठरवलं होतं." मी पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, दुःखाने.

आता संघाच्या अंकाला तुझ्यावर लेख हवा आहे. "वहिनींच्या झुंजीवर लिहा, वाचणाऱ्यांना बळ मिळेल," असा निरोप आला. मी हो म्हटलं. हा तोच लेख, पण त्यांनी मागितला तसा तो होणार नाही. मी तुझ्याशीच बोलणार आहे. बाकीच्यांनी ऐकायचं तर ऐकावं.

पहिल्या वेळी ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात गेलो, तेव्हा तू मला दारातच सांगितलंस, "तुम्हीच जा आत. मला ती इंग्रजी नावं नकोत. बाहेर आल्यावर फक्त सांगा, काय खायचं आणि परत कधी यायचं." आणि पिशवी मांडीवर घेऊन तू बाकावर बसलीस. त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. त्या सगळ्या बाकांवर दुखणाईत माणसंच बसलेली होती आणि आत डॉक्टरांसमोर त्यांचे नवरे, मुलगे, जावई. ज्याच्या पोटात आजार, तो बाहेर. आपल्याकडे असंच करतात. त्याला आपण काळजी घेणं म्हणतो.

केमोच्या खोलीत मात्र तुलाच जावं लागायचं. तिथे मला खुर्चीशेजारी स्टूल मिळायचं. सिस्टर तुझ्या मनगटावर टिचक्या मारत शीर शोधायची आणि ती सापडायची नाही. तू तिला म्हणालीस, "माझ्या शिरा माझ्या सासूबाईंसारख्या आहेत, पाहुणा आला की आतल्या खोलीत." ती हसली. मी नाही हसलो, कारण सुई तिसऱ्यांदा आत जात होती. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तुम्हाला टोचतेय का?"

घरी आल्यावरचे दिवस वेगळे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाडं ठणकायची, तू उशी चावून पडून राहायचीस. फोडणीचा वास आला की तुला मळमळायचं, म्हणून मी गॅलरीत शेगडी मांडून भात लावायचो आणि समोरच्या बिल्डिंगमधले लोक बघायचे. केस गेले, त्याचं तू फारसं मनाला लावून घेतलं नाहीस. तुला खरं लागलं ते बोटांचं आणि जिभेचं. बोटांची टोकं बधिर झाली. साडीची निरी हातातून सुटायची. आणि तोंडाला कायम लोखंडाची चव. "पितळेच्या नळाला तोंड लावल्यासारखं वाटतं," तू म्हणायचीस.

तरी बरे दिवस आले की तू ओट्याशी उभी राहायचीस. आयुष्यभर तू मीठ हाताने घातलंस, कधी चमचा लावला नाहीस. आता चिमूट बोटांना कळत नव्हती आणि आमटी जिभेला कळत नव्हती. मी मापाचा चमचा आणला, तर म्हणालीस, "मीठ काय औषध आहे, चमच्याने घालायला?" मग वाटीत थोडी आमटी काढून माझ्यापुढे धरायचीस. "मीठ?"

"अगदी बरोबर."

ती बरोबर नसायची. कधी अळणी, कधी घशाखाली उतरणार नाही इतकी खारट. मी रोज "अगदी बरोबर" म्हणायचो आणि पाणी पीत पीत जेवायचो. वाटायचं, एवढी उभी राहिली आहे, तिला कशाला हिरमुसलं करायचं. एक दिवस शेजारच्या कुंदाताई आल्या. तुझी लहानपणापासूनची मैत्रीण, टेंभी नाक्याच्या चाळीतली. कितीही सांगितलं तरी भांड्यात बोट घालणारी. आमटी चाखून त्या ओरडल्याच, "अगं बाई शालू, खाडी ओतलीस की काय हिच्यात?"

तू माझ्याकडे बघितलंस. "किती दिवस चाललंय हे?"

मी भांडंभर पाणी प्यायलो.

कुंदाताई गेल्यावर तू चिडशील असं मला वाटलं होतं. तू चिडली नाहीस. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "अहो, जीभ माझी गेलीय. तुमची शाबूत आहे ना? मग मला तुमच्या जिभेवर स्वयंपाक करायचाय. ती पण खोटी निघाली, तर मी काय करू?"

त्या दिवसापासून मी मिठाचं खरं सांगू लागलो. "कमी आहे." "आज बिघडलं." "आज जमलं." तू हळूहळू पुन्हा अंदाज बसवलास, माझ्या शब्दावर. पुढे त्याची आपली एक शपथच झाली. मी दुधाचं पातेलं उतू घालवून नाही म्हणालो, की तू विचारायचीस, "मिठासारखं सांगताय का?" मग खरं सांगावंच लागायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आपल्याला खरं बोलायची एक पद्धत सापडली होती. मला ते दिवस आवडत होते, शालू. तू आजारी होतीस आणि मला ते दिवस आवडत होते. हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या औषधाने काम केलं, हे इथे लिहायलाच हवं. कोणी हे वाचून केमो घेऊ नये असं ठरवलं, तर ते मला नको आहे. त्या औषधाने आपल्याला एक अख्खा बरा उन्हाळा दिला. तुझे केस परत आले, आणि कुरळे आले. जीभही आली. बोटं तेवढी आली नाहीत. त्या उन्हाळ्यात तू वर्षाचा मसाला केलास. कल्याणच्या बाजारात मिरची निवडायला मला घेऊन गेलीस, कारण देठ मोडल्यावरचा कडकपणा बोटांना कळत नव्हता. मी मोडायचो, तू कान देऊन ऐकायचीस. "ही नको, ही दमट आहे." गच्चीत वाळवण, मग भाजणं, मग कांडप मशीनवर रांग. आधीच्या बाईचा मसाला मशीनमध्ये राहिलेला असतो, म्हणून पहिल्या मूठभर मिरच्या फिरवून ती पूड तू वेगळी काढायला लावलीस. मशीनवाला वैतागला. "मावशी, सगळ्यांचा एकच असतो." तू म्हणालीस, "मग तुझ्या घरी का नाही घेऊन जात सगळ्यांचा?" बरणीत दाबून भरलास आणि वर हिंगाचे खडे ठेवलेस.

संक्रांतीनंतर तुझं पोट पुन्हा फुगायला लागलं.

त्या दिवशीही मी आत गेलो, तू बाहेर. डॉक्टर चांगला माणूस. त्याने घाई केली नाही. म्हणाला, "काका, आजार परत आलाय आणि पसरलाय. दुसरं औषध आहे. त्याने थोडे महिने मिळतील, कदाचित नाहीही मिळणार. त्रास मात्र पहिल्यापेक्षा जास्त होईल. काहीजण या टप्प्यावर थांबतात, मग आम्ही फक्त दुखणं कमी ठेवतो, माणूस घरी राहतो. दोन्ही चालतं. पण हे मी किंवा तुम्ही ठरवायचं नाही. त्यांना आत बोलवा. त्यांना विचारू या."

मी म्हणालो, "मी घरी विचारतो."

बाहेर आलो. तू पिशवीतून संत्रं काढून सोलायचा प्रयत्न करत होतीस, बोटांना साल सापडत नव्हती. मान वर न करता विचारलंस, "काय म्हणाले?"

"दुसरं औषध द्यायचंय. चांगलं आहे. घ्यायलाच हवं म्हणाले."

"घ्यायलाच हवं?"

"हो."

"मला आता नको वाटतंय हो. मसाल्याचे दिवस येतील, तेवढा एकदा हाताने करते. मग बघू." थोडं थांबून म्हणालीस, "पण ते घ्यायलाच हवं म्हणाले? मिठासारखं सांगताय?"

"मिठासारखं," मी म्हणालो.

तू संत्रं माझ्या हातात दिलंस सोलायला. "बरं मग," म्हणालीस. एवढंच.

मिठाचं पहिलं खोटं पकडलं गेलं, म्हणून तू माझ्यावर विश्वास ठेवायला लागली होतीस. तो विश्वास मी तिथे बाकावर खर्च करून टाकला. आणि तुला उमेद वाटावी म्हणून खोटं बोललो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. तुझ्याशिवाय त्या घरात राहायची मला भीती वाटत होती. थोडे महिने, कदाचित नाहीही, असं डॉक्टर म्हणाला होता. त्यातलं 'थोडे महिने' एवढंच मी उचललं. ते मला हवे होते. त्यांची किंमत तुझ्या अंगाने भरायची होती.

हॉस्पिटलच्या गेटवर तू रिक्षात बसलीस आणि मी प्रशांतला फोन लावला. त्याने विचारलं, "आईला काय वाटतंय?" मी म्हणालो, "आईच म्हणतेय, घ्यायचं." त्याच्या माईकवरच्या वाक्याचा जन्म तिथला.

दुसऱ्या औषधाचं मी फार लिहिणार नाही. तू उताणी झोपू शकत नव्हतीस आणि कुशीवरही नाही. तोंडभर फोड आले. तळहात, तळपाय लाल होऊन सोलले. मी पायांना मलम लावायचो तेव्हा तू छताकडे बघत राहायचीस. पहिल्या वेळी तू सिस्टरशी थट्टा करायचीस. या वेळी ती म्हणाली, "आजी बोलत नाहीत हल्ली." तू तिच्याकडे बघून नुसती हसलीस.

एप्रिलमध्ये गच्चीत बिल्डिंगच्या बायकांनी मिरच्या घातल्या. खालपर्यंत मिरचीची खाट आली आणि तुला ठसका लागला, मग उलटी. मी खिडक्या लावल्या. मग वर जाऊन त्या बायकांवर ओरडलो. काय वाटेल ते बोललो. माणसं मरतायत खाली, तुम्हाला मसाले सुचतात, असंही बोललो. त्यांनी निमूट चादरी गोळा केल्या. खाली आलो तर तू उठून बसली होतीस, भिंतीला धरून.

"त्यांना कशाला ओरडलात?"

"तुला त्रास होतोय ना."

"पाण्याच्या टाकीजवळची जागा माझी असते. तिथे कोणी घातल्या होत्या?"

मी म्हणालो, "शालू, मसाला बाजारात मिळतो."

तू काही बोलली नाहीस. आपलं ते भांडण तिथेच राहिलं. तू काहीतरी बोलायला हवं होतंस. 'तुम्हाला बाजारचा चालेल का?' असं म्हणाली असतीस, तर मी नाही म्हणालो असतो, आणि कदाचित त्या ओघात बाकीचंही बोललो असतो. पण हेसुद्धा मी तुझ्यावरच ढकलतोय. बोलण्यासारखं माझ्याकडे होतं. तुझ्याकडे काय होतं? तू माझ्या शब्दावर औषध घेत होतीस.

मग ताप आला, रक्तातल्या पेशी खाली गेल्या, ॲडमिट केलं, आणि तू घरी आली नाहीस. घरी राहून डोळे मिटता आले असते, ते ठाण्याच्या वॉर्डात मिटलेस, हिरव्या पडद्याआड. त्याआधी एका दुपारी मी तुला पेज भरवत होतो. हॉस्पिटलची पेज, फोडांना झोंबू नये म्हणून बिनमिठाची. दोन चमचे गेले आणि तू विचारलंस, "मीठ आहे यात?"

मला वाटलं, आहे म्हटलं तर आणखी दोन चमचे घेशील. म्हणालो, "आहे. बरोबर आहे."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. "बरं," म्हणालीस आणि तोंड मिटलंस.

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. नंतर आलं. मीठ असतं तर ते तोंडातल्या फोडांना झोंबलं असतं. झोंबलं नाही. म्हणजे जीभ नसतानाही तुला कळलं, की मी मिठाचं खोटं बोललो. आणि एक कळल्यावर बाकावरचं दुसरं किती लांब होतं? तू ते ओळखून गेलीस की न ओळखता, हे मला आता कधीच कळणार नाही. कोणतं बरं, तेही मला ठरवता येत नाही.

एवढं सगळं मी गिळून बसलो असतो, शालू. अंकाला झुंजीचा लेखही दिला असता. पण गेल्या आठवड्यात कुंदाताई आल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला, सुमनताईंना, तुझ्यासारखंच दुखणं आहे, हे तुला माहीत होतं. कुंदाताई म्हणाल्या, "भावजी, एकदा चला कल्याणला. ताई म्हणते, आता बास. मुलं रडकुंडीला आलीत. तुम्ही तिला शालूचं सांगा. तुमचं ऐकेल ती."

गेलो. शहाडच्या बाजूला त्यांचं घर. सुमनताई कॉटवर, डोक्याला रुमाल बांधलेला. शेजारी दोन्ही मुलगे. तुझ्या पायांसारखे पाय चादरीबाहेर दिसत होते. थोरला म्हणाला, "काका, सांगा ना आईला. मावशींनी कसं शेवटपर्यंत सोडलं नाही ते."

मी विचारलं, "डॉक्टरांकडे आत कोण जातं?"

"आम्ही दोघं."

"आणि आई?"

"आईला बाहेरच बसवतो काका. उगाच टेन्शन कशाला?"

त्या घरात सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. तुझं बाकावरचं संत्रं, डॉक्टर काय म्हणाला होता, मी बाहेर येऊन काय म्हणालो. सगळं. म्हणालो, "शालू झुंजली नाही. तिला विचारलंच नव्हतं. सुमनताई, तुम्ही औषध घ्या किंवा नका घेऊ, ते मी सांगणार नाही. पण डॉक्टर काय म्हणतायत, ते आधी तुम्ही ऐका."

सुमनताईंनी मुलांकडे बघितलं. "काय म्हणाले रे डॉक्टर?"

थोरल्याने चादर त्यांच्या पायांवर ओढली.

"अरे, काय म्हणाले ते सांगा ना मला."

धाकटा उठून बाहेर गेला. थोरला मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "काका, तुम्हाला धीर द्यायला बोलावलं होतं." परतताना कुंदाताई रिक्षात शेजारी बसून रस्त्याकडेच बघत होत्या. आपल्या गेटशी उतरल्यावर म्हणाल्या, "शालूला तुम्ही..." आणि वाक्य अर्धं टाकून घरात गेल्या. त्यानंतर त्यांनी आपलं दार वाजवलेलं नाही. सुमनताईंनी पुढे काय ठरवलं, ते मला माहीत नाही. मला ते कळायचा हक्कही नाही.

गोष्ट प्रशांतपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रविवारी ये, जेवायला ये, एकटा ये, एवढंच मी फोनवर म्हणालो. सकाळी आमटी करायला घेतली. तुझ्या बरणीच्या तळाशी थोडा मसाला उरला होता, हिंगाचे खडे त्यात मिसळलेले. सगळा घातला. मीठ तुझ्यासारखं हाताने घातलं.

तो आला. मी सांगितलं. शेवटी म्हणाला, "मी आलो असतो ना बाबा. सुट्टी टाकून राहिलो असतो इथे. मला वाटत होतं, औषध चालू आहे, म्हणजे अजून वेळ आहे." मग हाताच्या तळव्याकडे बघत बसला. तुझ्याबरोबरचे त्याचेही दिवस मी काढून घेतले, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

मी ताटं वाढली. दुसरं काय करणार? त्याने आमटी भातावर घेतली, पहिला घास घेतला. डोळे भरलेले होते, ते मसाल्याने की कशाने, मी विचारलं नाही.

विचारलं ते एवढंच, "मीठ?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. लगेच. माझ्याकडे न बघता.

मी आधीच चाखली होती, शालू. तोंडात धरवत नव्हती.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "पुन्हा चाख. आणि मग सांग."

त्याने चाखली. घास गिळला, पाणी प्यायला.

"खारट आहे बाबा," म्हणाला. "खूप खारट झालीय."

आणि वाटी पुढे ओढून जेवायला लागला.